रात्रीचे बारा की दुपारचे बारा? : १२ तासांचं घड्याळ, २४ तासांचं घड्याळ आणि आपला धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी घड्याळावर बोललो. खाली कमेंट आल्या, "भाऊ, धंद्याचं शिकवता शिकवता घड्याळ कुठून काढलं?" व्हिडिओ दहा मिनिटांचा होता, सगळं सांगता आलं नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन वाचा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो.

देऊळघाटात माझं जनरल स्टोअर्स आहे. त्यात गिफ्टचं सामान आणि ऑर्डरवर केक. केक मी बनवत नाही. आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत बुलढाण्याला ऑर्डर दिली की सकाळी माल येतो. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या काकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला : "१५ तारीख, १२ एएम, एक किलो पायनॅपल." नातीचा पहिला वाढदिवस होता. दुकानातल्या पोराने ऑर्डरच्या वहीत उतरवलं : "१५ – १२ वा. – १ किलो पायनॅपल."

१४ तारखेला रात्री दहाला आम्ही शटर पाडलं. सव्वाअकराला काकांचा फोन, "दुकानासमोर उभा आहे, केक?" मी चप्पल घालून पळत गेलो. फ्रीज उघडला. केक नव्हता, कारण केक येणार होता १५ ला सकाळी, दुपारी बाराच्या ऑर्डरसाठी. त्या वेळी ना इथे काही उघडं, ना बुलढाण्यात. पाहुणे घरात बसलेले. शेवटी त्यांच्या घरच्यांनी डब्यात शिरा दाबून, पालथा घालून, त्यावर मेणबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला माझ्या फ्रीजमध्ये नाव टाकलेला साडेसातशे रुपयांचा केक तयार होता आणि घ्यायला कोणी नव्हतं. साडेसातशे गेले, त्याचं दुःख नाही. त्या घरात सहा महिन्यांनी लग्न होतं. त्याचं सगळं सामान दुसऱ्या दुकानातून गेलं. हा खरा तोटा.

मी काय केलं? पोराला सगळ्यांसमोर झापलं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, वहीत नुसतं 'वेळ' लिहिलंय. बारा वाजता म्हणले, बारा लिहिले."

तेव्हा मला राग आला होता. रात्री झोपताना कळलं की चूक पोराची नव्हती, वहीची होती. आणि वही मी बनवली होती.

वाद नेमका काय आहे?

जगभर लोक यावर भांडतात. एक गट म्हणतो १२ तासांचं घड्याळ बरं, दुसरा म्हणतो २४ तासांचं. दोन्हीकडे दम आहे, म्हणून दोन्ही बाजू नीट ऐकू.

१२ तासांवाले म्हणतात : माणूस असाच बोलतो. भिंतीवरच्या घड्याळावर बाराच आकडे आहेत. आपल्या मराठीत तर वेळेचे शब्दच बारापर्यंतचे आहेत. सव्वानऊ, साडेचार, पावणेसहा, दीड, अडीच. कोणी गिऱ्हाईक दुकानात येऊन "साडेएकवीसला येतो" म्हटल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? "साडेनऊला येतो" म्हणतो आणि आपल्याला बरोबर समजतं. शिवाय मराठीला एएम-पीएमची गरजच नव्हती. आपल्याकडे पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री हे शब्द आहेत. एएम-पीएम दिवसाचे दोन तुकडे करतं, मराठी पाच-सहा करते. म्हणजे आपली पद्धत जास्त बारीक आहे.

२४ तासांवाले म्हणतात : बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. लिहिताना "सकाळी-रात्री" गळून पडतं आणि नुसता आकडा उरतो. ७ लिहिलं तर सकाळचे की संध्याकाळचे? १९:०० लिहिलं तर शंकाच नाही. म्हणून जिथे चूक परवडत नाही तिथे २४ तास चालतात. रेल्वेचं तिकीट बघा, २४ तास. पोलिसांच्या कागदावर "२१.३० वा. चे सुमारास" असंच लिहिलेलं असतं. सैन्यातही तेच. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर बिड बंद होण्याची वेळ १५:०० अशीच असते. तिथे ती "पाच वाजता" समजून जो बसला, त्याचं टेंडर दोन तास आधीच बंद झालेलं असतं.

काही जण म्हणतात २४ तासांची मोजणी हे इंग्रजी खूळ आहे. तसं नाही. आपल्या जुन्या पद्धतीत अख्खा दिवस-रात्र मिळून ६० घटिका मोजत. एक घटिका म्हणजे २४ मिनिटं. लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यात भोकाची वाटी सोडून घटिका मोजायचे, ते घटिकापात्र जुन्या लोकांना अजून आठवतं. म्हणजे दिवसाचे दोन तुकडे न करता सलग मोजणं आपल्याला नवीन नाही.

एका माणसाची गाडी चुकली...

आता थोडा इतिहास. सँडफर्ड फ्लेमिंग नावाचे कॅनडातले मोठे रेल्वे इंजिनिअर होते. १८७६ साली आयर्लंडमध्ये बंडोरन नावाच्या स्टेशनवर त्यांची गाडी चुकली. वेळापत्रकात एएम-पीएमचा घोळ छापला होता. ज्या माणसाने स्वतः रेल्वेमार्ग उभे केले, तोच स्टेशनवर अडकून पडला. आपण काय केलं असतं? स्टेशन मास्तरला शिव्या घातल्या असत्या. फ्लेमिंग यांनी दिवसाची २४ तासांची सलग मोजणी आणि सगळ्या जगाला एकच प्रमाण वेळ असावी, हा विषय लावून धरला. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद झाली. तिथे ग्रिनिचची रेषा शून्य रेखांश म्हणून ठरली आणि जागतिक दिवस मध्यरात्री सुरू होऊन शून्य ते चोवीस असा मोजावा, हेही ठरलं.

यातून धंद्याचा पहिला धडा. चूक झाली की माणूस शोधू नका, आधी कागद शोधा. ज्या कागदावर चूक होऊ शकते, त्यावर ती कधी ना कधी होणारच. फ्लेमिंग यांनी जे स्टेशनवर केलं, ते मी पोराला झापायच्या आधी करायला पाहिजे होतं.

खरी गोम बाराची आहे

सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ यात गोंधळ कमी होतो, कारण संदर्भावरून कळतं. सकाळी सातला कोणी लग्नाच्या रिसेप्शनला बोलावत नाही. खरा गोंधळ बारालाच होतो. का ते बघा.

एएम म्हणजे लॅटिन भाषेत "मध्यान्हाच्या आधी" आणि पीएम म्हणजे "मध्यान्हाच्या नंतर". दुपारचे बारा हा तर स्वतःच मध्यान्ह! तो ना आधी, ना नंतर. मग दुपारी बाराला एएम म्हणायचं की पीएम? शब्दाच्या अर्थाने दोन्ही चूक. मोबाईल आणि डिजिटल घड्याळं दुपारच्या बाराला १२ पीएम दाखवतात आणि रात्रीच्या बाराला १२ एएम. हा फक्त रिवाज आहे, त्यात तर्क नाही. म्हणून शिकलेला माणूससुद्धा इथे फसतो. अमेरिकेत मोजमापाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे, निस्ट. तिचाही सल्ला हाच आहे की १२ एएम, १२ पीएम लिहूच नका. "दुपारचे १२" किंवा "मध्यरात्र" असं स्पष्ट लिहा आणि मध्यरात्र असेल तर कोणत्या दोन तारखांमधली, तेही लिहा.

काकांनी "१२ एएम" लिहिलं होतं, ते रिवाजाप्रमाणे बरोबर होतं. पोराने एएम गाळलं. पण समजा गाळलं नसतं, तरी त्याने ते दुपार म्हणूनच वाचलं असतं, असं नंतर त्यानेच सांगितलं. "एएम म्हणजे दिवसाचं ना दादा?" तुमच्या दुकानातल्या पोराला उद्या विचारून बघा. विचारायच्या आधी स्वतःलाही विचारा.

फक्त २४ तास केलं की प्रश्न सुटतो का?

नाही. हे व्हिडिओत राहून गेलं होतं, म्हणून इथे नीट सांगतो.

समजा मी वहीत "१५ तारीख, ००:००" लिहिलं. कागदोपत्री अचूक आहे. १४ तारखेचे २४:०० म्हणजेच १५ तारखेचे ००:००. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात काय येतं? "१५ तारखेची रात्र." म्हणजे तो १५ ला रात्री तयारी करतो, एक पूर्ण दिवस उशिरा. बुलढाणा शहराला रेल्वे नाही, आपण मलकापूरला जाऊन गाडी पकडतो. मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढलेले किती लोक एक दिवस उशिरा स्टेशनवर पोहोचले, ते तुम्हाला तुमच्याच नात्यात सापडेल. तिकिटावर १५ तारीख, ००:४० असं छापलेलं असतं. म्हणजे १४ तारखेला रात्री जेवण करून निघायचं. माणूस १५ ला जेवण करून निघतो. गाडी कालच गेलेली.

तत्काळ तिकिटात तर अजून एक पेच. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, एसीचं सकाळी १० ला आणि बिगर-एसीचं ११ ला. पण "एक दिवस आधी" हे गाडी जिथून सुटते त्या स्टेशनच्या तारखेवरून मोजतात, तुमच्या स्टेशनच्या नाही. गाडी मुंबईहून १४ ला संध्याकाळी सुटून मलकापूरला १५ ला मध्यरात्रीनंतर येत असेल, तर तत्काळ १३ ला सकाळी. १४ ला कॉम्प्युटरसमोर बसलात तर उशीर झाला.

म्हणजे खरा प्रश्न आकड्याचा कमी आणि तारखेचा जास्त आहे : दिवस कधी बदलतो?

आपल्या गावात दिवस तीन वेळा बदलतो

हे पुस्तकात सापडणार नाही. देऊळघाटात दुकान चालवताना मी हे शिकलो.

पंचांग मानणाऱ्या गिऱ्हाईकाचा वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून पंचांगात मध्यरात्रीनंतरच्या वेळेला "उत्तररात्री" लिहितात. रात्रीचे दोन वाजले तरी त्यांच्या हिशेबाने अजून कालचाच वार चालू असतो. आपण सगळेच बोलताना "काल रात्री दोनला लाईट गेली" म्हणतो. "आज पहाटे दोनला" म्हणणारा क्वचित.

माझ्या मुस्लिम गिऱ्हाईकांच्या धार्मिक दिनदर्शिकेत दिवस सूर्यास्ताला बदलतो. मगरीब झाली की पुढची तारीख लागली. म्हणून रमजानचा चांद दिसला की त्याच रात्री तरावीहची नमाज सुरू होते आणि पहिला रोजा दुसऱ्या दिवशी. "शब-ए-जुमा" म्हणजे शुक्रवारची रात्र, पण ती येते गुरुवारी संध्याकाळनंतर. एखाद्या मोठ्या रात्रीसाठी मिठाईची किंवा फुलांची ऑर्डर घेताना तुम्ही नुसती तारीख धरली तर एका दिवसाची चूक होऊ शकते.

आणि सरकारचा, बँकेचा, मोबाईलचा दिवस मध्यरात्री बदलतो. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये तर दिवसाची व्याख्याच दिली होती : मध्यरात्री सुरू होणारा २४ तासांचा काळ.

तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकतो तो दुकानदार, जो न विचारता स्वतःचाच दिवस सगळ्यांना लावतो.

याचा हिशेबावर थेट परिणाम होतो. रमजानच्या शेवटच्या दिवसांत किंवा दिवाळीत दुकान रात्री एक-दीडपर्यंत चालतं. तुम्ही गल्ला मोजता दुकान बंद करताना, म्हणजे "आजचा धंदा" म्हणून. पण यूपीआयचं स्टेटमेंट बरोबर मध्यरात्री तारीख बदलतं. रात्री पावणेबाराचं पेमेंट आजचं, सव्वाबाराचं उद्याचं. मग गल्ला आणि क्यूआरचा हिशेब जुळत नाही आणि शंका येते ती गल्ल्यावर बसलेल्या माणसावर. अशा दिवसांत मी बाराच्या ठोक्याला एक रेघ मारतो, तेव्हाची रोकड लिहितो आणि मग पुढचा धंदा चालू. पाच मिनिटांचं काम आहे, पण एका माणसावरचा खोटा आळ वाचतो.

सरकार स्वतः काय करतं, बघा

मालाची ने-आण करणाऱ्यांनी हे लक्ष देऊन वाचा. माल ५०,००० रुपयांच्या वर असला की ई-वे बिल लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख. साध्या मालवाहतुकीला २०० किलोमीटरपर्यंत एक दिवसाची मुदत. मुदत संपून गाडी रस्त्यात सापडली तर दंडाची पाळी. मग तो "एक दिवस" संपतो कधी?

नियम असा आहे की ई-वे बिल ज्या तारखेला काढलं, त्याच्या पुढच्या तारखेच्या मध्यरात्री पहिला दिवस संपतो. सरकारी खुलाशातलं उदाहरण असं : १४ मार्चला ००:०४ वाजता बिल काढलं तर पहिला दिवस १५-१६ मार्चच्या मध्यरात्री संपतो. आणि १४ मार्चला २३:५८ ला काढलं, तरीसुद्धा १५-१६ मार्चच्याच मध्यरात्री!

दोन गोष्टी टिपून घ्या. एक, १४ तारखेला मध्यरात्र उलटताच काढणाऱ्याला जवळपास ४८ तास मिळाले आणि त्याच रात्री बाराच्या आत काढणाऱ्याला २४ तास. २३:५८ ला काढायच्या ऐवजी पाच मिनिटं थांबून ००:०३ ला काढलं असतं तर तारीख १५ लागली असती आणि मुदत १६-१७ च्या मध्यरात्रीपर्यंत गेली असती. अर्थात गाडी तोवर हलवायची नाही, बिल आधी आणि चाक नंतर. दुसरी, वेळ सांगताना सरकारने २४ तास वापरले, पण मध्यरात्र सांगताना दोन्ही तारखा लिहिल्या : "१५-१६ मार्च". नुसतं "१५ तारखेची मध्यरात्र" लिहिलं असतं तर देशभर भांडणं लागली असती. हीच युक्ती आपण उचलायची.

मग सगळ्यांना २४ तास शिकवायचे का?

मी हा प्रयोग करून बसलोय. केकच्या फजितीनंतर जोशात येऊन दुकानाच्या पाटीवर लिहिलं : "वेळ ०९:०० ते २१:००." आठ दिवसांत तीन जणांनी विचारलं, "एकवीस काय आहे, रुपये की टक्के?" एक आजीबाई म्हणाल्या, "बाप्पा, एकवीस वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवतो, झोपतो कधी?" पाटी उतरवली.

लोकांच्या घड्याळाला हात लावणं सोपं नसतं, याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईचं आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशात एकच भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. लोकांना ही सरकारची सक्ती वाटली, गिरणी कामगारांपासून प्रतिष्ठितांपर्यंत विरोध झाला. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या, पण मुंबई महापालिका जुन्या मुंबई टाइमवर अडून राहिली. ती थेट १९५५ पर्यंत! एका शहरात दोन वेळा, जवळपास पन्नास वर्षं. सरकारला जे पन्नास वर्षं जमलं नाही, ते तुमची पाटी आठ दिवसांत करणार आहे का?

गिऱ्हाईकाला शिकवायला आपण दुकान काढलेलं नाही. त्याच्या भाषेत ऐकायचं, आपल्या भाषेत लिहायचं आणि परत त्याच्या भाषेत खात्री करायची. माझ्या मते १२ विरुद्ध २४ या वादाचं आपल्यापुरतं उत्तर हेच आहे.

तीन नियम

नियम १ : बोलताना आणि पाटीवर १२ तास, पण दिवसाच्या शब्दासह. "सकाळी ९ ते रात्री ९". एएम-पीएम नको. पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री यापैकी एक शब्द आकड्याच्या आधी आलाच पाहिजे.

नियम २ : वहीत, रजिस्टरमध्ये, कॉम्प्युटरमध्ये २४ तास. चार आकडे पूर्ण. ९:०० नाही, ०९:००. पुढचं शून्य टाकायची सवय लागली की "हा आकडा विचार करून लिहिलाय" हे कळतं.

नियम ३ : रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेतलं काही असेल तर दोन्ही तारखा आणि वार. "शुक्र १४ ची रात्र, शनि १५ लागताना". आणि बरोबर १२:०० ही वेळ लिहायचीच नाही. केक मध्यरात्री कापायचा असेल तर वहीत "न्यायला येणार : शुक्र १४, २१:३०" लिहा. केक कधी कापतात याच्याशी आपल्याला घेणं नाही, तो आपल्या दुकानातून कधी जाणार याच्याशी आहे. ही एक ओळ मला आधी सुचली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

हे दुकानात कसं बसवायचं?

ऑर्डरची वही : "वेळ" हा एक रकाना खोडा. त्याजागी चार रकाने करा. तारीख, वार, माल जाण्याची वेळ (२४ तास), कशासाठी. वार का? तारीख चुकली तर वार पकडून देतो. "१५, शुक्रवार" लिहिताना १५ ला शनिवार आहे हे दिसलं की हात थांबतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर खात्री : ऑर्डर आली की हा मेसेज पाठवा. "काका, तुमचा केक शुक्रवारी १४ तारखेला रात्री साडेनऊला तयार राहील. रात्री बाराला कापायचा आहे ना? बरोबर असेल तर 'हो' पाठवा." हो आल्याशिवाय ऑर्डर पक्की नाही.

हजेरी रजिस्टर : माणूस ९:४० ला आला, ८:५५ ला गेला. किती तास? डोकं खाजवाल. आता ०९:४० ते २०:५५ करा. सरळ वजाबाकी, ११ तास १५ मिनिटं. पगाराचं भांडण निम्मं इथेच संपतं.

एक्सेल शीट : नुसतं ९:०० टाकलं तर एक्सेल ते सकाळचंच धरतं. रात्रीच्या नऊसाठी २१:०० टाका. महिन्याच्या तासांची बेरीज २४ च्या वर गेली की एक्सेल पूर्ण दिवस गाळून फक्त उरलेले तास दाखवतं, म्हणजे ३० तासांचे ६ दिसतात. त्यासाठी सेलच्या फॉरमॅटमध्ये तासाचं एच हे अक्षर चौकोनी कंसात टाकायचं. व्हिडिओत करून दाखवलंय, तिथे बघा.

गूगलवरची दुकानाची वेळ : तिथे सकाळी ९ ते रात्री ९ टाकताना दोन्हीकडे एएम पडलं तर वेळ चुकीची पडते. दुकान मध्यरात्रीनंतर चालत असेल तर बंद होण्याची वेळ आदल्याच वाराच्या ओळीत टाकायची असते. शनिवारी संध्याकाळी ६ ते रात्री १ असेल तर ते पूर्ण शनिवारच्या ओळीत. आज रात्री स्वतःचं दुकान गूगलवर शोधून बघा.

सीसीटीव्ही आणि बिलाची मशीन : दोन्हीचं घड्याळ मोबाईलशी जुळवा आणि दोन्ही २४ तासांवर ठेवा. वाद झाला तर बिलावरच्या वेळेवरून थेट फुटेज काढता येतं.

गृहपाठ

१. तुमच्या दुकानातले वेळ लिहिलेले सगळे कागद एका जागी जमा करा. वही, पाटी, बिल, रजिस्टर, स्टेटस. कुठे नुसता आकडा आहे, त्याला गोल करा.

२. दुकानातल्या प्रत्येक माणसाला वेगवेगळं विचारा : "१२ एएम म्हणजे कधी?" आणि "१५ तारखेची रात्र बारा म्हणजे कधी?" उत्तरं लिहून काढा. दोन उत्तरं वेगळी आली तर तुमच्या दुकानातही एक शिऱ्याचा केक वाट बघतोय असं समजा.

३. मागच्या तीन महिन्यांत वेळेच्या गोंधळाने गेलेली एक ऑर्डर आठवा. कोणाला झापलं होतं? तो कागद आता परत बघा.

माझं तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही वाचलंय. वही बदलली त्या दिवशी मी पोराला सांगितलं की चूक माझी होती. सगळ्यांसमोर झापलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं. आज केकच्या सगळ्या ऑर्डरी तोच घेतो आणि "हो" आल्याशिवाय माझीसुद्धा ऑर्डर लिहीत नाही.

काकांच्या घरी जाऊन माफी मागितली, चहा पिऊन आलो. रस्त्यात भेटले की बोलतात, हसतात. नातीचा दुसरा वाढदिवस झाला. ऑर्डर आली नाही. "धंद्याचे बारा वाजले" असं आपण म्हणतो ना, ते एका दिवसात वाजत नाहीत. एकेका घराने वाजतात. म्हणून म्हणतो, वही आजच बदला.

गृहपाठ केलात की कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू. तो रविवारी येतोय, सकाळी दहा वाजता. सकाळी!